मीठवालीचं वाक्य

३ मार्च

चिंगे,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. हे मी ताई म्हणून लिहीत नाही, आपल्या गोष्टीतल्या सराईची मालकीण म्हणून लिहिते आहे. कामाचं पत्र आहे. तू माझा फोन बंद करून ठेवलास, ईमेल परत येतात, घर बदललंस त्याचा पत्ता दिला नाहीस. म्हणून हे तू मुलांना पोहायला शिकवतेस त्या तलावाच्या ऑफिसात पाठवते आहे. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी ते ओलं होऊ न देता तुझ्या हातात द्यावं, एवढीच अपेक्षा.

तर काम असं. हेडमास्तरांनी काल आपल्या कथेच्या पानावर नोटीस लावली. 'जे पात्र वर्षभर हललेलं नाही, ते तीस एप्रिलला कथेतून काढण्यात येईल.' नाव कुणाचंच घेतलं नाही, पण घ्यायला हवं कशाला? बाकीची सगळी हलताहेत. खेचरवाला तर इतका हलतो की त्यालाच दावं लावून बांधावं. न हललेली एकटी तुझी मीठवाली. गेल्या एप्रिलपासून पाठीवर मिठाचं पोतं घेऊन ती माझ्या सराईबाहेर बर्फात उभी आहे. 'मीठवालीने दारावर थाप मारली.' हे तुझं शेवटचं वाक्य. त्यानंतर तू गेलीस ती गेलीस.

परवा आमच्या कारखान्यात शेजारच्या बाकावरची बाई (मी कवळीत दात लावते, ती त्याआधीचं मेणाचं काम करते) विचारत होती, तुमचं ते इंटरनेटवरचं असतं तरी काय? मी म्हटलं, आम्ही नऊ जण मिळून एक गोष्ट लिहितो. प्रत्येकाचं एक पात्र. आपल्या पात्राने काय केलं, काय म्हटलं ते लिहायचं आणि थांबायचं. मग पुढचं दुसऱ्याने लिहायचं. त्या एका लिहिण्याला आम्ही खेप म्हणतो. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या चाळीत जिन्यावर चालतं तेच की!" मी म्हटलं, "तेच. फक्त इथे दुसऱ्याच्या वतीने बोलायला बंदी आहे." ती म्हणाली, "मग तुम्हाला कसं काय जमतं बाई?"

हसू नकोस.

बाबा जाऊन आता वर्ष होईल. तू माझ्याशी बोलणं टाकलंस त्यालाही तेवढंच होईल. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, कारण हे कामाचं पत्र आहे. तीस एप्रिलच्या आत मीठवालीची एक खेप टाक. एक ओळ चालेल. शिंकली तरी चालेल.

सराईची मालकीण
(म्हणजे ताईच, पण आत्ता नाही)


११ मार्च

चिंगे,

मागच्या पत्रात एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे काय, मीच पोटात ठेवली. पण तू कधीतरी पान उघडशील आणि तुला तिथे लाल अक्षरं दिसतील, त्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं.

मीठवाली अगदीच हलली नाही असं नाही. जानेवारीत मी तिला हलवलं.

मला बघवेना गं. सगळे जण आत शेकोटीपाशी बसलेले, खेचरवाला गाणी म्हणतोय आणि ती बाहेर. मी तीनदा लिहिलं, 'मालकिणीने दार उघडलं.' पुढे तुझं उत्तर नाही. मग एका रविवारी दुपारी मी बसले आणि एका दमात खेप टाकली. पाठ आहे मला. 'मीठवाली आत आली. तिने पोतं उतरवलं. मालकिणीने दिलेलं गरम सूप पिऊन तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, झालं गेलं विसरून जाऊ. माझ्या मनात आता काही नाही. दोघींनी एकमेकींना मिठी मारली.'

मला वाटलं, सगळे वाहवा करतील. दहा मिनिटांत हेडमास्तरांनी सगळी खेप लाल करून खोडली. खाली लिहिलं, 'मालकीणबाईंनी दुसऱ्याचं पात्र हलवलं, त्याच्या तोंडी वाक्य घातलं. आपल्याकडे हा एकच गुन्हा आहे आणि तो त्यांनी सहा वाक्यांत सहा वेळा केला.' खेचरवाल्याने तर कहर केला. म्हणतो, 'शिवाय ती मीठवाली वाटतच नाही. आमची मीठवाली सूप पिण्याआधी त्यात मीठ कमी आहे म्हणून सांगेल.'

सगळ्यांदेखत! मी कारखान्यातली सर्वांत जुनी कारागीर, माझ्या हाताखाली सहा जणी शिकून गेल्या, आणि मला एक खेचरवाला लिहायला शिकवणार! मी रागाने दोन दिवस पान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं तर हेडमास्तरांनी मला सरावाच्या फळ्यावर धाडलेलं. तू पहिल्या वर्षी होतीस ना, तिथेच. नवशिक्यांच्या रांगेत मी, पन्नाशी ओलांडलेली.

तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. हसली असतीस असं मी लिहिलं, तेही तुझ्या वतीनेच झालं म्हणा. जित्याची खोड.

तुझी
ताई


२२ मार्च

चिंगे,

पोचपावती आली. निळ्या शाईने केलेली तुझी सही आहे, शेवटचं अक्षर नेहमीसारखं घाईत खाली घसरलेलं. पत्र वाचलंस की नाही हे त्यावरून कळत नाही, पण घेतलंस हे कळतं. पावती मी बाकाच्या काचेखाली सरकवून ठेवली आहे. मेणवाली बाई म्हणाली, "कोणाची सही?" मी म्हटलं, "माझ्या धाकट्या बहिणीची." एवढं बोलूनही मला किती बरं वाटलं.

आता माझी प्रगती ऐक. सरावाच्या फळ्यावर मला महिनाभराचा धडा दिलाय. फक्त आपल्या पात्राचं लिहायचं आणि प्रत्येक खेपेच्या शेवटी समोरच्याला उचलता येईल असं काहीतरी ठेवून थांबायचं. हेडमास्तर म्हणतात, 'उचलता येईल असं, आणि न उचलता पुढे जाता येईल असंही.' पहिल्या आठवड्यात मी जे ठेवलं ते सगळं नाकारता न येणारं. मालकिणीने ताट वाढलं. मालकीण रडायला लागली. मालकीण चक्कर येऊन पडली! यावर हेडमास्तरांचा शेरा, 'ही विचारणा नव्हे, ही अडवणूक आहे.'

(हेडमास्तर हेडमास्तर नाहीतच, माहीत आहे का तुला? गुरांचे डॉक्टर आहेत. गायीचं बाळंतपण करून आले की गमबूट काढायच्या आत आमच्या खेपा तपासतात. मी म्हटलं, म्हणूनच तुम्ही आम्हाला असं हाताळता. ते म्हणाले, गायी ऐकतात.)

खेचरवाल्याशी माझं आता जमलंय. तो शिकवतो चांगलं, फक्त आधी चार टोमणे मारतो. त्याने मला सांगितलं, की बोलणं लिहिताना ते माणूस काय म्हणेल हे नंतर बघा, आधी काय म्हणणार नाही ते बघा. मी त्याला म्हटलं, सोदाहरण सांग. तो म्हणाला, 'मीठवाली कधीही "माझ्या मनात काही नाही" असं म्हणणार नाही. तिच्या मनात नेहमी काहीतरी असतं आणि ते ती सांगते.' तुला कधी न भेटलेला माणूस तुला केवढं ओळखतो, चिंगे! मला मत्सर वाटला, खोटं कशाला सांगू.

गेल्या आठवड्यात एक म्हातारी आली होती. तिची नवी कवळी मी जीव ओतून केली होती, सगळे दात कसे एका ओळीत, मोत्यासारखे. तिने आरशात बघितलं आणि कवळी काढून माझ्या हातात परत दिली. म्हणाली, "छान आहे, पण ही मी नाही. माझा पुढचा दात आडवा होता, नवऱ्याला तोच आवडायचा." मी तो दात काढून पुन्हा आडवा बसवला. मग ती हसली, आणि खरंच ते तिचं हसू वाटलं. तीस वर्षं मी लोकांचे दात सरळ करते आहे. कुणाला विचारलं नाही कधी.

त्या दिवशी घरी येऊन मी फळ्यावर एक खेप लिहिली. 'मालकिणीने दाराची कडी काढली. दार ढकललं नाही. ती परत चुलीकडे वळली.' बस्स. हेडमास्तरांनी पहिल्यांदाच लिहिलं, 'ठीक.' गुरांच्या डॉक्टरच्या तोंडून 'ठीक' म्हणजे केवढं ते तुला कळणार नाही. म्हणजे कळेलही. तूच ठरव.

तुझी
ताई


४ एप्रिल

चिंगे,

तू अजून हलली नाहीस. मीठवाली म्हणते मी. सव्वीस दिवस उरले आहेत आणि मी रोज सकाळी डबा भरायच्या आधी पान उघडून बघते.

कामाचं पत्र, कामाचं पत्र म्हणून मी तीन पत्रं लिहिली आणि मूळ गोष्टीभोवती नुसती फिरले. आज लिहिते. आपलं भांडण माझ्या बाजूने तुला कधी सांगितलंच नाही, कारण माझी बाजू बरोबर आहे असं मला वाटत होतं.

तू नवऱ्याला सोडून एक बॅग घेऊन आलीस तेव्हा बाबा म्हणाले, "मला विचारून सोडलं नाहीस, आता मला विचारून येऊ नकोस." तुझ्या खोलीत आठवड्याच्या आत प्लायवुडचे तक्ते रचले. सुतार माणूस, दिवसाला वीस वाक्यं बोलायचा, त्यातली पंधरा रंध्याशी. त्या पाचातलं एक तुझ्या वाट्याला आलं आणि ते हे. तू दूर निघून गेलीस. सहा वर्षं त्यांनी तुझं नाव काढलं नाही, तू त्यांचं काढलं नाहीस, आणि मी मधे. मग आपण दोघी सराईत भेटायला लागलो. तिथे तू माझ्या सूपला नावं ठेवायचीस. मला वाटायचं, चला, बहीण तरी आहे.

मग बाबा दवाखान्यात. मी तुला सकाळी कळवलं, ये. तू कळवलंस, विचार करतेय. दुपारी चार वाजता बाबांनी डोळे उघडले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "धाकटी काय म्हणते?"

मी म्हटलं, "तिचा फोन आला होता बाबा. ती म्हणाली, झालं गेलं विसरून जाऊ. माझ्या मनात आता काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलीस, अठरा तास बस बदलत बदलत. मी दारातच तुला जवळ घेतलं आणि म्हटलं, काळजी करू नकोस, तुझ्या वतीने मी सांगितलं, बाबा शांत झाले. मला वाटलं मी तुला केवढं मोठं काही देते आहे. तू माझे हात काढलेस. "माझ्या वतीने? ताई, मी सहा वर्षं ते वाक्य शोधत होते. अख्खा रस्ता तेच जुळवत आले. आणि ते हे नव्हतं." बॅग उतरवलीसुद्धा नाहीस, तशीच परत गेलीस.

मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते, बघा, भलं करायला गेले आणि हात पोळले. जानेवारीतली ती लाल झालेली खेप मी काल पुन्हा वाचली. दोन्हीकडचं वाक्य एकच आहे, चिंगे. अक्षर न अक्षर. मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि लिहितानाही कळलं नाही.

चूक झाली माझी. मोठी झाली.

ताई


१५ एप्रिल

चिंगे,

मागचं पत्र टाकून आले तेव्हा वाटलं, आता सगळं सांगून झालं, सुटले. चार दिवस झोपही छान लागली. पाचव्या दिवशी मेणवाली बाई सहज म्हणाली, "बहिणीला माफी मागितलीत, मग अजून टपालपेटीकडे का बघताय?" तिला बाकी काही माहीत नाही, पण नेम बरोबर बसला. एक गोष्ट मी अजून दाबून ठेवली आहे. ही कुणालाच माहीत नाही.

मी ते वाक्य बोलले, त्यानंतर बाबा काय म्हणाले ते तू मला विचारलं नाहीस. मी सांगितलं, शांत झाले. तेही माझंच वाक्य होतं. मी बाबांच्याही तोंडी घातलं.

खरं असं घडलं. मी बोलले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, लाकडातली गाठ बघायचे तसं. मग म्हणाले, "हे धाकटीचं बोलणं नाही. हे तुझं आहे."

मी म्हटलं, नाही हो बाबा, तीच म्हणाली.

ते म्हणाले, "ती आधी भांडेल. न भांडता माफ करायला ती काय परकी आहे?"

आणि हसले. खोकला आला तरी हसत होते. मग म्हणाले, "फोन लाव तिला. भांडू दे. मी ऐकतो."

फोन माझ्या हातात होता. तुझं नाव सगळ्यात वर होतं, सकाळीच बोलणं झालं होतं ना आपलं. एक बोट लावायचं होतं फक्त. मी म्हटलं, "आत्ता तिची मुलं पाण्यात असतील बाबा, तिला शिकवणं सोडून येता येणार नाही. उद्या लावू."

ते म्हणाले, "बरं."

तुझी मुलं पाण्यात होती की नाही मला माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच कळत होतं की फोन लावला तर मी खोटं बोलले हे तुला कळेल. बाबांना तर कळलंच होतं. तुला कळेल, तू मला फाडून खाशील, आणि मी जी सहा वर्षं दोघांना सांभाळून घेणारी शहाणी मुलगी होते ती राहणार नाही. एवढ्यासाठी, चिंगे. एवढ्याशा गोष्टीसाठी मी उद्या म्हटलं.

ते शांत झाले नव्हते. ते वाट बघत होते. संध्याकाळी दोनदा त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि मला विचारलं, "तलाव किती वाजता बंद होतो?" मी म्हटलं, झोपा आता.

यात मी काही गोड केलेलं नाही. त्यांनी हेही म्हटलं होतं, "तू सांगू नकोस हं तिला काही. तू गोड करून सांगशील." म्हणून वर्षभर सांगितलं नाही असं मी स्वतःला बजावत होते. तेही खोटंच. भीतीने सांगितलं नाही.

या पत्रावर तू काय म्हणशील याचा मी अंदाज करत नाही आहे. करायला बसले की हात आपोआप लिहायला लागतो, म्हणून इथेच थांबते. तीस एप्रिलचंही काही म्हणत नाही. मीठवाली तुझी आहे. तिला काढून टाकायचं असेल तर तोही तुझा हक्क.

माझं तुझ्यावर फार प्रेम आहे. हे मात्र माझंच वाक्य आहे, ते मी म्हणू शकते.

ताई


१ मे

चिंगे,

परवा सकाळी मी पान उघडलं आणि तेच ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. डबा तसाच राहिला. कारखान्यात उशीर झाला, तीस वर्षांत पहिल्यांदा.

तुझी खेप. तीनच वाक्यं. 'मीठवालीने पोतं उतरवलं नाही. ती आतही आली नाही. बाहेरूनच ओरडली, फोन का लावला नाहीस?'

कथेच्या पानावर नुसता गोंधळ उडालाय. बाकीच्या सात जणांना काही कळेना. खेचरवाल्याने लिहिलं, 'बर्फातली सराई, इथे अजून कंदील लावतात, फोन कुठून आला?' कोणी म्हणालं चुकून दुसरीकडची खेप इथे पडली असेल. हेडमास्तरांनी मला वेगळा निरोप पाठवला. 'मालकीणबाई, नियमाने ही ओळ खोडायला हवी. काय करू?'

मी लिहिलं, 'खोडू नका. मला कळलंय.'

त्यांनी एवढंच उत्तर दिलं, 'मग खेप तुमची आहे. सावकाश लिहा.'

सावकाशच लिहिली. दोन दिवस लागले. आधी पानभर झाली होती, कारणं आणि त्या कारणांची कारणं. ती सगळी काढली. मग मालकीण रडत होती, ते काढलं. मग ती हात जोडत होती, तेही काढलं, ती अडवणूकच होती. आज जेवणाच्या सुट्टीत शेवटी जी उरली ती टाकली. तू पान उघडशील तेव्हा दिसेलच, पण इथेही लिहिते, म्हणजे एक शब्द इकडचा तिकडे केला नाही हे तुला ताडून बघता येईल.

'मालकीण बाहेर बर्फात आली. म्हणाली, भ्याले म्हणून.'

पुढे काही नाही. दार उघडं की बंद तेही लिहिलेलं नाही. मीठवाली कितीही वेळ भांडू दे, कितीही दिवस, मी मधे बोलणार नाही. मी ऐकते.

ताई